नैराश्य, मेंदूची रचना आणि मेंदूचं काम: शुभंकरांचे नेहमीचे प्रश्न

ठाण्यात नौपाड्याच्या बाजूला आम्हा शुभंकरांची बैठक भरते. घरातल्या मानसिक आजार असलेल्या माणसाची काळजी घेणारे आई-वडील, नवरा-बायको, भावंडं असे सगळे येतात. बैठकीत औषधांइतकेच प्रश्न मेंदूबद्दल निघतात, आणि बरेचदा एमआरआयची मोठी पिशवी मांडीवर घेऊन विचारले जातात. मी जीवशास्त्र शिकवत होते, म्हणून उत्तरं लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं. मी डॉक्टर नाही. गोळी कमी करायची की वाढवायची, हे इथे वाचून ठरवू नका.

मिस्टरांचा मेंदूचा एमआरआय नॉर्मल आला. घरचे म्हणतात, "काही निघालं नाही ना? मग उठ आणि कामाला लाग." खरंच काही नाही का?

ज्यासाठी तो काढला होता ते निघालं नाही, एवढाच त्या रिपोर्टचा अर्थ. गाठ, रक्तस्राव, जुना पक्षाघात, मेंदूत पाणी साचणं असलं काही नाही ना, हे बघायला डॉक्टर एमआरआय सांगतात. पन्नाशीनंतर आयुष्यात पहिल्यांदाच उदासी आली असेल, सोबत फिट येत असेल, चालण्या-बोलण्यात फरक पडला असेल, विसरायला होत असेल, तर ही तपासणी करणं शहाणपणाचंच. थायरॉइड, बी-१२ आणि हिमोग्लोबिन बघतात तेही याच कारणासाठी. दुसरं काही नाही ना, याची खात्री करायला.

नैराश्याचं निदान होतं ते बोलण्यातून. नऊ लक्षणांची यादी असते: उदास मन, कशातच रस न वाटणं, झोप बिघडणं, भूक किंवा वजन बदलणं, थकवा, हालचाल मंदावणं किंवा उलट अस्वस्थपणा, लक्ष न लागणं, स्वतःला दोष देत राहणं, मरणाचे विचार. यातली किमान पाच, किमान दोन आठवडे, जवळजवळ रोज असावी लागतात, आणि पहिल्या दोनांपैकी एक तरी हवंच. शिवाय त्यामुळे रोजचं जगणं अडलेलं असावं लागतं.

अर्धशिशीच्या माणसाचा एमआरआयही बहुतेक वेळा नॉर्मलच येतो. त्याला कुणी "नाटक करतोस" म्हणत नाही. हा न्याय नैराश्याला का लागू नाही, ते मला अजून कुणी समजावून सांगितलेलं नाही.

रचना आणि कार्य वेगळं कसं? मेंदू एकच ना?

ठाणे स्टेशनचंच घ्या. रूळ कुठून कुठे गेलेत, किती जोड्या आहेत, ही झाली रचना. सकाळी सव्वाआठला कुठल्या फलाटावर किती माणसं उभी आहेत, हे झालं कार्य. डोंबिवलीहून ऐरोलीला थेट लोकल नाही, ठाण्याला उतरून ट्रान्स-हार्बर पकडावी लागते. तरी सोमवारी डोंबिवलीचा फलाट भरला की काही वेळाने ऐरोलीचाही भरतो, आणि लक्ष्मीपूजनाला दोन्हीकडे शुकशुकाट. नुसता रुळांचा नकाशा बघून ही गर्दी सांगता येणार नाही, आणि नुसती गर्दी मोजून रूळ कुठून गेलेत तेही कळणार नाही. पण दोन्ही एकमेकांना धरून असतात.

मेंदूत रुळांच्या जागी पांढऱ्या भागातले चेतातंतूंचे जुडगे आणि फलाटांच्या जागी करड्या भागातले विभाग. दोन विभागांची हालचाल एकाच तालात वरखाली होत असेल, तर त्यांच्यात थेट तंतू असोत वा नसोत, संशोधक त्यांना कार्याने जोडलेले म्हणतात. आमचं उदाहरण एका ठिकाणी तोकडं पडतं: गर्दीमुळे रूळ बदलत नाहीत, मेंदूत मात्र वापरामुळे रचनाही बदलते. शिकताना, सराव करताना तंतूंवरचं मायलिनचं आवरण बदलत असल्याचं दिसून आलं आहे.

हे मोजतात कसं? तीन वेगळी मशीनं लागतात का?

मशीन एकच, मोजण्याच्या पद्धती तीन. पहिल्या पद्धतीत मेंदूचा आकार, विभागांचं आकारमान आणि वरच्या सालीची जाडी कळते. दुसरी डिफ्यूजन एमआरआय. मेंदूतलं पाणी तंतूंच्या दिशेने सहज सरकतं, आडवं तितकं सरकत नाही. त्यावरून कॉम्प्युटर तंतूंचे मार्ग काढतो. नेटवर दिसतात ती रंगीबेरंगी चित्रं म्हणजे फोटो नव्हेत, हिशोबाने काढलेला अंदाज असतो.

तिसरी फंक्शनल एमआरआय. चेतापेशी कामाला लागल्या की त्या भागात ताजं रक्त येतं आणि रक्तातल्या ऑक्सिजनप्रमाणे चुंबकीय सिग्नल बदलतो. सेइजी ओगावा यांनी १९९० मध्ये हे दाखवलं. म्हणजे मोजलं जातं ते रक्त, विचार नव्हे, आणि तेही पाच-सहा सेकंद उशिरा. पुढे १९९५ मध्ये भारत बिस्वाल आणि सहकाऱ्यांना दिसलं की माणूस मशीनमध्ये नुसता पडून असला, हात हलवत नसला, तरी हात हलवणारे डावे-उजवे दोन्ही भाग एका तालात चढउतार करत असतात. विश्रांतीतल्या मेंदूच्या अभ्यासाची सुरुवात तिथून झाली.

आपल्याकडच्या सेंटरमध्ये 'एमआरआय ब्रेन' म्हणून होतो तो मुख्यतः पहिला प्रकार. पक्षाघात पकडण्यासाठी त्यात डिफ्यूजनचा एक छोटा भाग असतो, पण तंतूंचे मार्ग काढायला तो पुरत नाही. फंक्शनल एमआरआय रुग्णालयात वापरतात तो मुख्यतः मेंदूच्या शस्त्रक्रियेआधी, बोलण्याचा किंवा हालचालीचा भाग वाचवायचा असतो तेव्हा. नैराश्यासाठी तो आजही संशोधनापुरताच आहे.

माझ्या मुलीला नैराश्य आहे. त्यात मेंदू आकसतो म्हणतात. खरं आहे?

हा प्रश्न विचारणाऱ्याचा चेहरा बघवत नाही, म्हणून आधी आकडाच सांगते. एनिग्मा नावाच्या आंतरराष्ट्रीय गटाने २०१६ मध्ये नैराश्याच्या १,७२८ रुग्णांची तुलना ७,१९९ निरोगी माणसांशी केली. स्मृतीशी संबंधित हिप्पोकॅम्पस रुग्णांमध्ये सरासरीने लहान निघाला. किती लहान? साधारण सव्वा टक्का.

हा फरक खरा आहे, पण तो सरासरीतला आहे. दोन्ही गटांचे आलेख एकमेकांवर ठेवले तर नव्वद टक्क्यांहून जास्त भाग एकावर एक बसतो. हजारो निरोगी माणसांचा हिप्पोकॅम्पस तुमच्या मुलीपेक्षा लहान असेल आणि ती माणसं मजेत जगत असतील. पुढच्याच वर्षी त्याच गटाने सालीची जाडी तपासली. प्रौढ रुग्णांमध्ये कपाळामागचा खालचा भाग, सिंग्युलेट (मेंदूच्या दोन अर्धांच्या मधल्या बाजूचा पट्टा) आणि इन्सुला (सालीची आत दडलेली घडी) किंचित पातळ आढळले. पांढऱ्या भागातल्या तंतूंमध्येही असेच बारीक फरक मिळाले आहेत.

मग आधी काय? लहान हिप्पोकॅम्पस की नैराश्य?

त्याच २०१६ च्या अभ्यासात पहिल्यांदाच आजारी पडलेल्यांमध्ये फरक दिसला नाही. तो दिसला नैराश्याचे झटके वारंवार आलेल्यांमध्ये, आणि एकविशीच्या आत आजार सुरू झालेल्यांमध्ये. आजार लांबला की ताणाचं कॉर्टिसॉल हे संप्रेरक हिप्पोकॅम्पसवर परिणाम करत असावं, असं एक स्पष्टीकरण आहे. ज्यांचा मुळात लहान असतो त्यांनाच झटके पुन्हा पुन्हा येत असतील, हेही शक्य आहे. एकदाच काढलेल्या स्कॅनवरून यातलं कुठलं खरं ते ठरत नाही.

आणि मेंदूच्या कामात काय बदलतं?

तीन गोष्टींचा उल्लेख वारंवार येतो. एक म्हणजे 'डिफॉल्ट मोड' जाळं, म्हणजे एका तालात काम करणाऱ्या काही विभागांचा गट. बाहेरचं काही काम नसताना, स्वतःबद्दल किंवा मागच्या-पुढच्या आयुष्याबद्दल विचार चालू असतो तेव्हा हे जागं असतं. हे नाव मार्कस रेकल आणि सहकाऱ्यांच्या २००१ च्या लेखापासून रूढ झालं. "आईला दवाखान्यात उशिरा नेलं, मीच उशीर केला" हे एकच वाक्य दिवसभर डोक्यात घोळत राहतं, त्याचा या जाळ्याशी संबंध जोडला जातो.

दुसरी गोष्ट कपाळामागे, खोलवर असलेला सिंग्युलेटचा खालचा भाग, मेंदूच्या नकाशातला क्रमांक २५. हेलन मेबर्ग यांच्या गटाने २००५ मध्ये, कुठल्याच उपचाराला दाद न देणाऱ्या सहा रुग्णांमध्ये या भागाजवळ इलेक्ट्रोड बसवले. सहापैकी चौघांत टिकाऊ सुधारणा झाली. नंतरच्या मोठ्या चाचणीत मात्र तसं यश आलं नाही, त्यामुळे हा उपचार आजही प्रयोगाच्या पातळीवर आहे. तिसरी गोष्ट भीती आणि भावनांशी संबंधित अमिग्डला आणि त्याला आवर घालणारा कपाळामागचा प्रीफ्रंटल भाग, यांच्यातला समतोल.

आता यातली मेख. डिफॉल्ट जाळं नैराश्यात जास्त घट्ट जोडलेलं असतं, असं बरीच वर्षं सांगितलं जात होतं. २०१९ मध्ये चीनमधल्या अनेक रुग्णालयांनी तेराशे रुग्णांची माहिती एकत्र केली तेव्हा वारंवार आजारी पडलेल्यांत ते उलट सैल निघालं, आणि तो सैलपणा औषध घेण्याशी जोडलेला होता. म्हणून "नैराश्यात अमुक जाळं वाढतं" असा फॉरवर्ड आला की मी पुढे पाठवत नाही.

रचना आणि कार्य यांचा मेळ बिघडतो म्हणजे नेमकं काय बिघडतं?

सध्याचा खरा प्रश्न हाच. प्रत्येक विभागाचे तंतू कुणाशी जोडलेले आहेत आणि त्याची हालचाल कुणाशी जुळते, हे दोन नकाशे ताडून बघतात. ते किती जुळतात, त्याचा एक आकडा निघतो.

निरोगी मेंदूतही हा मेळ सगळीकडे सारखा नसतो. पाहणं, हालचाल, स्पर्श या भागांमध्ये तो घट्ट असतो: जसे तंतू, तसं काम. विचार, आठवणी, स्वतःविषयीची जाणीव, भावनांना आवर घालणं, हे ज्या भागांत चालतं तिथे तो सैल असतो. काम तंतूंच्या नकाशापासून बरंच मोकळं झालेलं असतं, आणि बहुधा म्हणूनच आपण एकाच जुन्या गोष्टीकडे दहा प्रकारे बघू शकतो. नैराश्यात ज्या भागांची नावं पुढे येतात ती जास्त करून या दुसऱ्या गटातलीच. त्यामुळे नुसती रचना बघून नैराश्य ओळखायला गेलं की हाती फारसं लागत नाही. जिथे रचनेवरून कामाचा अंदाज सगळ्यात कमी येतो, नेमकं तिथेच आपण शोधतोय.

रुग्णांमध्ये हा मेळ तपासला तेव्हा काही अभ्यासांत तो काही भागांत आणखी सैल निघाला, काहींत जास्त घट्ट. घट्ट मेळ म्हणजे मेंदू ठरावीक वाटांवरच अडकून पडलाय, तेच तेच विचार येण्याचं हे कारण असावं, असा तर्क मांडला जातो. ऐकायला पटतो. पण मला तो अजून तर्कच वाटतो.

निकाल का जुळत नाहीत? एक कारण आकडेमोडीत आहे. २०२० मध्ये सत्तर गटांना एकच फंक्शनल एमआरआयची माहिती आणि तपासायला तेच नऊ दावे दिले गेले. कुठल्याही दोन गटांनी अगदी सारखी पद्धत वापरली नाही, आणि निष्कर्षही बऱ्याच ठिकाणी वेगळे आले. दुसरं कारण मशीनमध्ये डोकं किंचित हलणं, त्यानेही खोटे फरक दिसतात. पण सगळ्यात मोठं कारण मला निदानातच दिसतं. नऊपैकी पाच लक्षणं पुरेशी असतील, तर दोन रुग्णांत एकच लक्षण समान असू शकतं. एकीची झोप उडालेली, ती खात नाही, येरझाऱ्या घालते. दुसरा दिवसभर झोपतो, खात सुटतो, अंथरुणातून उठत नाही. दोघांच्या फाइलवर शब्द एकच: नैराश्य. त्यांचे मेंदू एकसारखे दिसावेत ही अपेक्षाच जरा अजब आहे.

स्कॅनवरून नैराश्य ओळखणारं एआय आलंय म्हणे?

एकेका माणसाच्या पातळीवर ते भरवशाचं नाही. जर्मनीतल्या एका संघाने २०२२ मध्ये अठराशेहून जास्त लोकांचे सगळ्या प्रकारचे स्कॅन तपासले. निरोगी आणि रुग्ण यांचे आकडे ८७ ते ९५ टक्के एकमेकांत मिसळलेले होते. मेंदूच्या एकेका मोजमापावरून कोण कुठल्या गटातला ते ओळखायला गेल्यावर अचूकता ५६ टक्क्यांपलीकडे गेली नाही. छापा-काटा केला तरी ५० मिळतात. 'ब्रेन मॅपिंग' नावाने निदान विकणाऱ्या जाहिराती दिसतात, त्यांवर पैसे घालू नका. तेवढ्यात समुपदेशनाची काही सत्रं होतील.

सिरोटोनिन कमी होतं म्हणून नैराश्य येतं ना? मग मेंदूच्या जाळ्यांचं काय?

"केमिकल कमी झालंय" हे डॉक्टरांनी थोडक्यात सांगण्यासाठी वापरलेलं वाक्य. २०२२ मध्ये आधीच्या सगळ्या अभ्यासांचा आढावा घेतला गेला तेव्हा सिरोटोनिन कमी असण्याला सातत्याने पुरावा मिळाला नाही. त्या बातमीनंतर काही घरांत गोळ्या बंद झाल्या, आणि ते चूक झालं. कारण न कळणं वेगळं आणि औषध लागू न पडणं वेगळं. २०१८ मध्ये ५२२ चाचण्या एकत्र करून तपासल्या तेव्हा २१ औषधं खोट्या (औषध नसलेल्या) गोळीपेक्षा सरस ठरली, फरक मध्यमच होता. गोळी सिरोटोनिनवर काही तासांत परिणाम करते, बरं वाटायला मात्र दोन ते सहा आठवडे जातात. म्हणजे मधल्या काळात मेंदूत काहीतरी सावकाश बदलत असलं पाहिजे. गोळी एकदम थांबवली तर चक्कर, चिडचिड, झोपेचा बट्ट्याबोळ असा त्रास होतो, म्हणून बंद करायची ती डॉक्टरांना विचारून, हळूहळू.

उपचाराने मेंदूत बदल दिसतो का?

दिसतो. पण मेंदूतला बदल आणि बरं वाटणं हातात हात घालून चालतातच असं नाही. शॉक ट्रीटमेंट म्हणजे ईसीटीनंतर हिप्पोकॅम्पसचं आकारमान वाढतं, हे अनेक केंद्रांच्या एकत्रित अभ्यासात दिसलं. मात्र ज्यांचा जास्त वाढला तेच जास्त सुधारले, असं निघालं नाही. ईसीटी म्हटलं की लोकांना अजून सिनेमातली दृश्यं आठवतात. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने भूल आणि स्नायू सैल करणारं औषध दिल्याशिवाय ईसीटी द्यायला बंदी आहे.

डोक्याबाहेरून चुंबकीय ठोके देण्याची आरटीएमएस पद्धत कपाळाच्या डाव्या भागावर काम करते. या उपचारात तो भाग क्रमांक २५ शी कार्याने जितका उलट जोडलेला (एक चढला की दुसरा उतरतो), तितका गुण जास्त, असं काही अभ्यासांत दिसलं आहे. म्हणजे ठोका पडतो वरवर, अपेक्षा असते खोल भागावर परिणाम होण्याची. रचना आणि कार्याचा मेळ समजला तर नेमकी जागा निवडता येईल, हा या सगळ्या संशोधनाचा सगळ्यात जवळचा उपयोग.

चालण्याचंही विचारतात. २०११ च्या एका चाचणीत वयस्क माणसांनी वर्षभर नियमित चालण्याचा व्यायाम केल्यावर हिप्पोकॅम्पस सुमारे दोन टक्के वाढला. ती माणसं नैराश्याचे रुग्ण नव्हती, हे लक्षात ठेवा. तरीही तलावपाळीला फेऱ्या मारण्यात तोटा काहीच नाही. फक्त अंथरुणातून उठता येत नाही अशा माणसाला "जरा उपवनला चक्कर मारून ये" हा उपाय म्हणून सांगू नका. आधी खिडकीपर्यंत येऊ द्या.

आईचं वय ६८. रिपोर्टमध्ये पांढऱ्या भागात बारीक ठिपके लिहिलेत. यानेच तिला नैराश्य आलं का?

या वयात असे ठिपके बऱ्याच जणांना असतात. मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्यांचा तो परिणाम असतो, आणि रक्तदाब, मधुमेह, तंबाखू यांमुळे ते वाढतात. उतारवयात पहिल्यांदा आलेल्या नैराश्यात ते सरासरीने जास्त आढळतात. कपाळाकडच्या तंतूंचं नुकसान झाल्यामुळे असं नैराश्य येत असावं, ही कल्पना १९९७ पासून मांडली जाते. पण ठिपके किती आणि कुठे, यावर सगळं आहे, आणि एका ओळीवरून तुमच्या आईबद्दल काही ठरत नाही. आज करण्यासारखं काम साधं आहे: तिचा रक्तदाब आणि साखर शेवटची कधी तपासली ते बघा. बैठकीत बऱ्याच जणांना हे आठवत नाही.

हा खरा आजार आहे, हे सासूबाईंना कसं पटवू?

मेंदूचं चित्र दाखवून नाही. "डॉक्टरांनी सांगितलंय, औषध लागू पडायला महिना-दीड महिना जाईल, तोवर सकाळचा डबा मी करते," असं काहीतरी ठोस बोला. पुढच्या भेटीला त्यांनाच सोबत न्या. डॉक्टरांच्या तोंडून ऐकलेलं घरात जास्त चालतं, हे आपण सगळे जाणतो.

ठाण्यात जायचं कुठे?

१९०१ पासूनचं प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. तिथे बाह्यरुग्ण विभागात दाखवून माणूस घरी येतो. 'तिथे गेलं की आत टाकतात' हा समज सोडा. कळव्याचं महापालिकेचं रुग्णालय आहे. डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये सुरू केलेली इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ आहे. फोनवर बोलायचं तर सरकारची टेलिमानस सेवा १४४१६ वर, विनामूल्य, दिवसरात्र, मराठीतही. माणूस मरणाबद्दल बोलत असेल तर त्याला एकटं ठेवू नका, गोळ्यांचा डबा आपल्या ताब्यात घ्या आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा. विमा कंपनीने "मानसिक आजार बसत नाही" म्हटलं तर २०१७ च्या कायद्याचं कलम २१ दाखवा. शारीरिक आजाराइतकाच मानसिक आजाराचाही विमा द्यावा, असं त्यात आहे.

पुढच्या भेटीला एमआरआयची पिशवी न्यायची का?

नवे डॉक्टर असतील तर एकदा न्या. त्यानंतर त्यांना जास्त उपयोगी पडतं ते वहीचं एक पान: गेल्या दोन आठवड्यांत झोप किती वाजता लागली, मध्ये कितीदा जाग आली, जेवण किती गेलं, कुठली गोळी कधी चुकली, आणि शेवटचं मनापासून कधी हसले.